टपालवाल्या पायलटचा अर्धा कप

ब्रॉन ट्रेलोरला विमान उडवता येत होतं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अडचण एवढीच होती, की तिला ते कुणी उडवू देत नव्हतं.

पावसाळा सरत आला, की देशाच्या पार उत्तरेला आमच्या कुनानुरात दरवर्षी अशी पोरं उगवतात. गाडीच्या मागच्या सीटवर गादी, खिडकीला इस्त्रीचा पांढरा शर्ट टांगलेला आणि खिशात करकरीत परवाना. येतात दक्षिणेकडून, अर्धा देश तुडवत. कारण पहिली नोकरी शहरात मिळत नाही, ती मिळते आमच्याकडे, लाल मातीच्या धावपट्ट्यांवर. आणि घरबसल्या अर्ज धाडून तर मुळीच मिळत नाही. इथल्या विमान कंपनीच्या मालकीण, आमच्या ग्लेनिस हार्टिगनबाई म्हणतात, "कागदाला विमानात खोकी चढवताना मी अजून पाहिलेलं नाही. माणूस दारात उभा राहू दे, मग बघू."

ब्रॉन दारात उभी राहिली. एका दारात नव्हे, विमानतळावरच्या झाडून सगळ्या हँगरांच्या दारांत. बापाची जुनी गाडी घेऊन ती यॉर्क द्वीपकल्पावरच्या गव्हाच्या गावातून आली होती. बावीस वर्षांची, नाकावर उन्हाने सोललेली कातडी आणि आवाज असा खणखणीत, की कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. पण कुठेही जा, पळसाला पानं तीनच. "सध्या काही नाही." "पुढे होईल का?" "बघू." "मी इथेच राहणार आहे." "बरं, मग बघूच."

हे 'बघू' फार वाईट. 'नाही' म्हटलं तर माणूस रडून मोकळा होतो.

ती निघताना बापाने एकच सांगितलं होतं. गावात धान्याच्या कोठारावर वजनकाट्याची जागा निघणार होती. ब्रॉनने शाळेत असल्यापासून सुट्टीत तिथे काम केलेलं, मुकादम तिलाच घ्यायला तयार होता. "अँझॅक डेपर्यंत, पंचवीस एप्रिलपर्यंत, जागा धरून ठेवतो म्हणालाय," बाप म्हणाला. "तोवर जमलं तर उत्तम. नाही जमलं तर परत ये पोरी. आभाळ काय, इथूनही दिसतं."

तो प्रेमानेच बोलला होता, पण ब्रॉनला ते शेवटचं वाक्य रात्रंदिवस टोचत राहिलं. आभाळ दिसतं म्हणे! बघायला कोण निघालं होतं?

पोट भरायला तिने बेकरीत काम धरलं. भल्या पहाटे खिम्याचे पॅटिस भाजायचे आणि उरलेले सकाळी हँगरवर नेऊन वाटायचे. म्हणायचं, "उरले होते, म्हटलं टाकून कशाला द्या." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण पायलटांच्या आणि मेकॅनिकांच्या तोंडी पॅटिस लागले, ओळखी झाल्या. ब्रॉन झाडू मारू लागली, विमानांच्या काचा पुसू लागली, विमानं ढकलायला हात लावू लागली. ग्लेनिसबाई पॅटिस खायच्या, बोटं चाटायच्या, म्हणायच्या, "छान झालाय." ब्रॉन आशेने बघत उभी राहायची. बाई म्हणायच्या, "उद्या मिरी थोडी जास्त घाल."

एक दिवस मेकॅनिक तिला म्हणाला, "ए, तुला उडायला नेलं तर आम्हाला पॅटिस कोण आणणार गं?" सगळे हसले. ब्रॉनही हसली. मग हँगरच्या मागे जाऊन टायरला दोन लाथा घातल्या. एवढं उपयोगी होऊन बसलो, की आता आपल्याला जमिनीवरून कुणी हलवणारच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

तिला हात दिला तो क्लॅरी डनस्टनने. क्लॅरी म्हणजे टपालवाला. दर मंगळवारी सहा आसनी सेस्ना विमानातून रानातल्या गुरांच्या वस्त्यांवर टपाल, औषधं, भाजीपाला, ट्रॅक्टरचे सुटे भाग पोचवायचे, हे काम तो इतकी वर्षं करत होता, की काही वस्त्यांवरची कुत्री फक्त त्याच्याच विमानावर भुंकत नसत. पण आता खांदा धरला होता. खोकं उचललं की म्हाताऱ्याच्या तोंडून अशी शिवी निघायची, की खोकंच लाजावं.

"पोरी, पिशव्या उचलशील?" त्याने विचारलं.

"उचलेन की!"

"पैसे मिळणार नाहीत."

"नकोत."

"विमानात कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"आणि पॅटिस आण. वस्त्यांवरच्या लोकांनाही माणूस म्हणून चव असते."

अशी ब्रॉन क्लॅरीच्या शेजारच्या उजव्या खुर्चीत बसून निघाली, आणि पहिल्याच मंगळवारी तिने हात दाखवून अवलक्षण केलं.

त्याचं असं झालं. टपालाचं विमान उतरलं, की वस्तीवर चहा होतो. होतो म्हणजे होतोच. आठवडाभर ज्यांनी बाहेरच्या माणसाचं तोंड पाहिलेलं नसतं, ते धावपट्टीच्या कडेला किटली घेऊन उभे असतात. ब्रॉन चांगल्या घरची, पुढ्यात आलेलं संपवायचं ही आईची शिकवण. तिने पहिल्या वस्तीवर मोठा मग भरून चहा प्यायला. दुसऱ्या वस्तीवर प्यायला. तिसऱ्या वस्तीवर तर आग्रह झाला म्हणून दोनदा प्यायला. चौथी वस्ती डंबल क्रीक. तिथली स्वयंपाकीण आंटी डल्सी. त्याच मुलखात जन्मलेली, तिथल्या मूळच्या गिजा लोकांतली बाई, केस पांढरे, हात मोठे, आणि त्या वस्तीवर मॅनेजर कुणीही असो, चालायचं तिचं. तिने ब्रॉनला हा एवढा थोरला मग काठोकाठ भरून दिला. क्लॅरीला मात्र अर्धा कप. ब्रॉनला वाटलं, म्हातारा आहे, कमी पीत असेल. तिने आपला मग तळापर्यंत संपवला.

टपालाच्या विमानात संडास नसतो.

उडाल्यावर थोड्याच वेळात ब्रॉन गप्प झाली. मग पांढरी पडली. मग पाय आवळून बसली.

"काय गं, ओकारी येतेय?" क्लॅरीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"पुढची वस्ती किती लांब आहे?"

क्लॅरीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं. विमान वळवलं. आता मुकाट्याने वळवायचं की नाही? पण ठरलेला मार्ग सोडला, तर रेडिओवर सांगावं लागतं, आणि आमच्या खोऱ्यात रेडिओ म्हणजे गावातला पार, सगळ्यांचे कान तिथेच. क्लॅरी अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "टपालाचं विमान डंबल क्रीकला परत येत आहे. प्रवाशाची तातडीची गरज."

विमान परतलेलं पाहून आंटी डल्सी एप्रन सावरत धावत आली. "काय झालं? कोण आजारी आहे?" ब्रॉन तिच्या बाजूने वाऱ्यासारखी निघून गेली. आंटीला उलगडा झाला, तशी ती जी हसायला लागली ती खाली मातीत बसूनच हसली.

"अगं बाई, सगळा चहा प्यायलीस? सगळ्या वस्त्यांवरचा?" ब्रॉन परत आली, तेव्हा तिने डोळे पुसत विचारलं.

"मग काय फेकून द्यायचा?"

"ओठ लावायचा, बसायचं, बोलायचं. चहा काय कुणी तहान लागली म्हणून देतं?"

"क्लॅरीला तर तू अर्धाच दिलास!"

"त्याला उडवायचं असतं ना. पायलटला अर्धा कप. पाहुण्याला भरून. पाहुण्याला अर्धा दिला असता तर माझी म्हातारी थडग्यातून उठून आली असती." आणि आंटीने किटली उचलली. "घेतेस अजून?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पबमध्ये ब्रॉन शिरली, की कुणीतरी गंभीर आवाजात म्हणे, "प्रवाशाची तातडीची गरज!" आणि अख्खा पब खिदळे. ब्रॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक झालं. ज्या पायलटांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, ते आता तिला हाक मारून बसवून घेऊ लागले. आणि वस्त्यांवर मंगळवारी विचारणा होऊ लागली, "ती चहावाली पोरगी आलीय का?" ब्रॉन ओठ लावून बसायला शिकली. बसल्या बसल्या तिला कळू लागलं, कुठल्या धावपट्टीवर कांगारू येतात, कुठे नवी तार टाकलीय, कुणाची सून बाळंतपणाला गेलीय. आंटी डल्सी दर खेपेला भरलेला मगच पुढे करायची. ब्रॉन दर खेपेला त्या मगकडे बघून म्हणायची, "आंटी, कधीतरी अर्धा दे गं." आंटी म्हणायची, "उडव की मग."

एप्रिल उजाडला, उड्डाणांचा हंगाम तोंडावर आला. ग्लेनिसबाईंनी एकच माणूस घेतला, आणि तो होता हॅमिश. उंच, गोरापान, डोळ्यांवर भारी काळा चष्मा, आणि उड्डाणाचे तास ब्रॉनच्या दुपटीहून जास्त. चिडावं तरी कुणावर? तो माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत असायचा.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी क्लॅरीला जमिनीवर बसवलं. खांदा बरा होईपर्यंत उड्डाण बंद. ब्रॉनला वाईट वाटलं, आणि लाज वाटली तरी खरं सांगायचं तर आशाही चमकली. टपाल आता कोण नेणार?

"हॅमिश नेईल," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"आणि मी?" ब्रॉनने शेवटी तोंड उघडून विचारलंच.

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुझं बघू."

त्या दिवशी ब्रॉन गाडीत बसून रडली, चांगली ढसाढसा रडली. अँझॅक डे दोन दिवसांवर आला होता. बापाला फोन लावायचा आणि 'येते' म्हणायचं, एवढंच उरलं होतं. पण मंगळवारी सकाळी पॅटिस घेऊन ती हँगरवर गेलीच. हॅमिश एकटाच माल चढवत होता.

"मी येऊ का उचलायला?" तिने विचारलं.

"नको, वजन वाढतं. मी तासभर आधी परत येतो की नाही बघ."

"एक ऐक. चहाला नाही म्हणू नकोस. डंबल क्रीकला तर नकोच."

हॅमिश हसला. "मी टपाल टाकायला चाललोय बाई, मुलगी बघायला नाही."

दुपारी फोन आला. हॅमिशचं विमान डंबल क्रीकच्या चिखलात रुतलं होतं.

झालं होतं ते असं. हॅमिश झकास उतरला, पिशव्या बाहेर काढून ठेवल्या, इंजिन सुरू केलं आणि वळून उडायला धावपट्टीच्या पूर्व टोकाकडे निघाला. आंटी डल्सी एका हातात किटली घेऊन, दुसरा हात हलवत, ओरडत त्याच्या मागे धावली. हॅमिशला वाटलं, बाई निरोप देतेय. त्यानेही हात हलवला. पूर्व टोकाला गुरांच्या हौदाचा पाईप दोन दिवसांपूर्वी फुटला होता. वर हिरवंगार गवत, खाली नुसता राडा. पुढचं चाक बुडालं, आणि विमान नाक टेकवायच्या बेतात थांबलं. पंखा जमिनीला लागला नाही, हे नशीब.

ग्लेनिसबाईंनी दुसरं विमान काढलं. फळ्या, फावडी, दोर भरला. "ब्रॉन! चल. चिखल उपसायला हात हवेत."

ब्रॉन सवयीने उजव्या बाजूने चढायला गेली, तर तिथे ग्लेनिसबाई आधीच पट्टा बांधून बसलेल्या.

"इथे काय करतेस? तिकडून ये," बाई म्हणाल्या.

तिकडे म्हणजे डाव्या खुर्चीत. चालवणाऱ्याच्या.

ब्रॉन वळसा घालून तिकडून चढली. बाईंनी पिशवीतून कालचं वर्तमानपत्र काढलं आणि तोंडापुढे धरलं. मग ब्रॉनने तपासायचं ते सगळं तपासलं आणि विमान उचललं. खाली नदी पसरली होती, डोंगर पावसाने हिरवे झाले होते, आणि ती गाऊ लागली नाही एवढंच. डंबल क्रीकवर तिने आधी एक खालून फेरी मारली, धावपट्टी डोळ्यांखालून घातली, गुरं कुठे आहेत ते पाहिलं आणि पश्चिमेच्या कोरड्या टोकाला उतरून तिथेच थांबली. बाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. सगळ्या प्रवासात त्यांनी एकच पान वाचलं होतं, आणि ते उलटं धरलं होतं, हे ब्रॉनला नंतर आठवलं.

आंटी डल्सी किटली घेऊन उभी होती. हॅमिश गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून एका खोक्यावर बसला होता, चष्मा कपाळावर, चेहरा बघवत नव्हता.

ग्लेनिसबाई तडक फावडं उचलून निघाल्या. "आधी विमान. चहाचं मागून."

आणि ब्रॉनच्या तोंडून निघून गेलं, "नाही. आधी चहा."

बाई थांबल्या. हॅमिशने मान वर केली. ब्रॉनला वाटलं, संपलं. आता वजनकाटा. पण शब्द सुटला तो सुटला. "ग्लेनिसबाई, ही जागा आंटीची आहे. तिच्याशी बसून बोलल्याशिवाय इथे दोर लावायचा नाही. तसं केलं म्हणून तर हे झालं."

बाईंनी फावडं खाली ठेवलं. "बरं," म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या.

आंटीने चहा ओतला. ग्लेनिसबाईंना अर्धा कप. ब्रॉनला सवयीने काठोकाठ मग. ब्रॉनने मगकडे पाहिलं आणि गपचूप ओठ लावला. आंटीने मॅनेजरच्या तब्येतीपासून सुरुवात केली, नव्या वासरांवर आली आणि मग सहज म्हणाली, "ट्रॅक्टर आहे. पण पुढे ओढू नका हं. पाईप तिकडूनच गेलाय, आणखी खोल जाईल. मागे घ्या. गवताखाली खडीचा जुना रस्ता आहे, आमची पोरं त्यावरून लाकडं आणायची."

विमान मागे ओढलं. फळ्या घातल्या, चाकाभोवतीचं उपसलं, ट्रॅक्टर घुरघुरला, आंटीने सगळ्यांच्या पितरांना हाका घातल्या, आणि विमान पच्चकन आवाज करून खडीवर आलं. सगळे चिखलाचे पुतळे झाले होते. ग्लेनिसबाईंनी पंखा, चाक, सगळं निरखून पाहिलं. "हे मी नेते," म्हणाल्या.

आता निघायचं तर निरोपाचा चहा हवाच. आंटीने पुन्हा कप मांडले. ग्लेनिसबाईंना अर्धा. ब्रॉनचा मग भरू लागली, भरत भरत काठाशी आली.

"डल्सी," ग्लेनिसबाई म्हणाल्या, "त्यातला परत ओत."

"का गं?"

"अर्धा कर. तिला विमान घेऊन जायचंय. आणि पुढच्या मंगळवारपासून टपाल हीच आणेल, तेव्हा सवय करून ठेव."

आंटीने ब्रॉनकडे पाहिलं. मग किटलीचं झाकण काढलं, मगमधला चहा सावकाश परत ओतला, आणि उरलेला अर्धा मग दोन्ही हातांनी ब्रॉनपुढे धरला. ब्रॉनला तो घेताच येईना. तिचे डोळे असे वाहायला लागले, की चिखलाच्या तोंडावर दोन स्वच्छ ओघळ उतरले.

"रडतेस काय, निवेल ना," आंटी म्हणाली, आणि एप्रनने आपलेही डोळे टिपले.

"मग इतके दिवस 'बघू, बघू' का म्हणत होतात?" ब्रॉनने नाक ओढत बाईंना विचारलं.

"बघतच तर होते," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आणि पॅटिसचं काय ते बघ. ते बंद करायचे नाहीत."

हॅमिश बाजूला अवघडून उभा होता. आंटीने त्यालाही मग दिला, थोरला आणि काठोकाठ भरलेला. "तू आता तिच्या विमानातला पाहुणा. पी राजा." हॅमिशने या वेळी नाही म्हटलं नाही. शहाण्या मुलासारखा तळापर्यंत संपवला. ब्रॉनने पाहिलं, सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला, आणि नाही सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर साऱ्या खोऱ्याने एक खणखणीत आवाज ऐकला, "डंबल क्रीकला परत येत आहे. प्रवाशाची तातडीची गरज." पबमध्ये बसलेल्या क्लॅरीने दुखरा खांदा विसरून टेबलावर हात आपटला आणि मग बराच वेळ विव्हळत बसला.

कुनानुरात पोचल्यावर, चिखल धुवायच्याही आधी, ब्रॉनने बापाला फोन लावला.

"बाबा, कोठारावर सांगा, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

पलीकडे बाप घसा साफ करून म्हणाला, "मिळालं? कागद दिला का काही?"

"कागद नाही. अर्धा कप चहा दिला."

"अर्धाच?" बाप म्हणाला. "एवढ्या लांब गेलीस आणि अर्धा कप? कंजूष दिसतात माणसं."

"हो बाबा," ब्रॉन म्हणाली, आणि हसता हसता तिला पुन्हा रडू फुटलं. "फार कंजूष आहेत. भरून कप पायलटला देतच नाहीत."